पर्मा

दुसऱ्या दिवशी पहाटे हातोडीच्या ठोक्यांनी जाग आली. पत्र्याच्या शेडमधून बाहेर डोकावले तर खाली शाळेच्या जोत्यावर डकर्मी दाइ एकटेच काम करत होते. नेपाळात गवंड्याला डकर्मी म्हणतात आणि थोरल्या भावाला दाइ. आदल्या दिवशी आम्ही चौदा जणांनी मिळून रचलेली भिंत ते दगड दगड उतरवत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. एकेक दगड हातात घ्यायचा, फिरवून त्याचं तोंड बघायचं आणि बाजूला ठेवायचा. आम्ही उठायच्या आत सगळं आटपावं, आम्हाला कळू नये, म्हणून त्या माणसाने थंडीत लवकर कामाला हात घातला होता. मी पायरीवर जाऊन बसले. ते थबकले आणि एवढंच म्हणाले, "बिस्तारै, बहिनी." सावकाश.

2016 चा नोव्हेंबर होता. भूकंपात पडलेली शाळा पुन्हा उभी करायला हातभार लावावा म्हणून आम्ही इथे आलो होतो. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसं गेली, त्यातली तीन हजारांहून अधिक या एका सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली. गावात तारीख कुणी सांगत नाही, 'बाह्र बैशाख' म्हणतात. तो दिवस शनिवार होता. नेपाळात शनिवारी सुट्टी असते, म्हणून शाळेची इमारत बसली तेव्हा आत एकही मूल नव्हतं. ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाने आम्हाला सांगितली आणि सांगताना प्रत्येकाने हात जोडले.

दाइंनी मला आमची चूक दाखवली. दगडमातीच्या भिंतीला दोन पदर असतात, एक आतला, एक बाहेरचा. मधल्या पोकळीत चिपा आणि माती भरतात. जमीन हलली की हे दोन पदर एकमेकांना सोडतात, एक घरात कोसळतो, एक रस्त्यावर. म्हणून ठरावीक अंतरावर असा एक लांब दगड घालायचा की त्याचं एक टोक आत दिसेल आणि दुसरं बाहेर. शिवाय थोड्या थोड्या उंचीवर कमरपट्ट्यासारखी आडवी पट्टी फिरवायची. आम्ही नुसते सुबक दगड निवडून भिंत देखणी केली होती. आरपार दगड त्यात एकही नव्हता.

माझ्या पोटात कालवलं. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. मी औसा तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात आमचं माळवद आजीच्या अंगावर आलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. हातभर रुंदीच्या भिंती, वर मातीचं ओझं, आणि ते दोन पदर एकमेकांना धरून नव्हते. आमच्या दारातला ढिगारा उपसायला कुठून कुठून मुलं आली होती. त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती. वडील पुढे कितीतरी वर्षं म्हणत, त्यांची नावंसुद्धा विचारून घेतली नाहीत.

त्या दिवसापासून आम्ही भिंतीला हात लावला नाही. दगड वाहिले. डोको म्हणजे टोपली पाठीवर आणि तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर. भार खांद्यावर घ्यायचाच नाही, कपाळावरून पाठीच्या कण्यात उतरू द्यायचा. मान वर करता येत नाही. हिमालय समोर उभा असतो आणि दिसतात फक्त पुढच्याच्या टाचा. येताना गोरखपूर-सुनौलीपासूनच आमच्यात जेवणावरून, झोपायच्या जागेवरून कुरबुरी चालल्या होत्या. त्या कशा मिटल्या, सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं की चौथ्या दिवशी सोबतच्या निवृत्त गुरुजींची डावी टाच भेगाळून रक्त येत होतं, हे त्यांच्या आधी मला कळलं. आणि ज्या मुलीशी मी दोन दिवस बोलत नव्हते, तिने न बोलता त्यांच्या डोकोतले दोन दगड काढून आपल्या डोकोत टाकले.

भातकापणीचे दिवस होते. रोज सकाळी बायका विळे घेऊन निघायच्या, आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. याला पर्मा म्हणतात. तू माझ्याकडे एक दिवस राबलीस, मी तुझ्याकडे एक दिवस राबेन. पैशाचा संबंध नाही, पण हिशेब पक्का. आमच्याकडची सावडच ही. शब्द कळला आणि मला एकदम घरच्या बांधावर उभं असल्यासारखं वाटलं. आम्ही याला सेवा म्हणत होतो, देणगीच्या पावत्यांवरही तसंच छापलं होतं. सेवा या शब्दात घेणाऱ्याला परत काही करायला जागाच ठेवलेली नसते. गावाने आमचे दिवस त्या खात्यात धरलेच नव्हते.

हे मला कळलं शेवटच्या संध्याकाळी. दाइंच्या आईने चुलीपाशी बसवून ढिंडो आणि गुन्द्रुक वाढलं. जेवण आमच्यासारखंच, पिठाचा गोळा आणि आंबट पातळ. "तुमच्याकडं काय पिकतं?" तिने विचारलं. दाइ मोडक्यातोडक्या हिंदीत मधे बोलत होते. ज्वारी, मी म्हटलं. काढणी कधी? माघात.

तिने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. मंसिर, पुस, माघ. मग दुसऱ्या हाताने पुन्हा मोजायला लागली, आणि या वेळी ती महिने मोजत नव्हती, आमचे नऊ दिवस मोजत होती. नवव्या पेरावर अंगठा तसाच दाबून धरून तिने मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, यांच्या गावाला बसने जायला किती दिवस लागतात?