इंजिन उघडण्याआधी

मुलीसाठी स्थळ पाहताना जशी चार ठिकाणी चौकशी करतात, तशीच चौकशी चांगल्या मिस्त्रीचीही करावी लागते. ब्रेक, क्लच, प्लग ही किरकोळ कामे कोणीही करो. पण 'इंजिनकाम निघालंय' असे शब्द कानावर पडले की नोकरदार माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. बंद इंजिनाच्या आत काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. तिथे मिस्त्री म्हणेल ती पूर्वदिशा!

आमची स्प्लेंडर 2008 सालची, हीरो आणि होंडा यांची जोडी फुटण्याआधीची. बेळगाव ते खानापूर आणि परत, असे रोजचे पन्नासेक किलोमीटर तिने वर्षानुवर्षे बिनतक्रार केले. लाख किलोमीटर कधीच उलटून गेले होते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला आणि ऑइल दर महिन्याला कमी होऊ लागले. नेमका मुलीच्या कॉलेजप्रवेशाचा महिना. नवी गाडी घेणे शक्य नव्हते, आणि गाडीवाचून पहिल्या तासाला वर्गात पोहोचणेही.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. संगणकातून अकरा हजारांचा छापील अंदाज निघाला; त्यात क्रँकपासून सगळेच बदलायचे होते. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये "सोडून जावा सर, तीन हजारात रिंगा टाकून देतो" असे उत्तर मिळाले. एक महाग, एक स्वस्त. पण दोन्हीकडे गाडी कोणी सुरूसुद्धा करून पाहिली नव्हती.

शेवटी आमच्या कन्नड विभागातल्या सहकाऱ्यांनी उद्यमबागेजवळच्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. "नंबिकीचा माणूस आहे," एवढीच त्यांची शिफारस. मिस्त्री घरात कन्नड बोलणारे, माझ्याशी मराठी आणि हाताखालच्या पोराशी उर्दू. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मलाच प्रश्न विचारला, "धूर कधी येतो? सकाळी सुरू करताना भपकन येऊन थांबतो, की रेस दिल्यावर येतच राहतो?"

या एका प्रश्नात बरेच पैसे दडलेले असतात. सुरू करतानाच धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे रबरी सील गेलेले असतात. ते काम थोडक्यात होते. रेस दिल्यावर धूर येतच राहिला, तर संशय रिंगांवर आणि सिलिंडरवर जातो. मग त्यांनी प्लग काढून त्या भोकात थोडे ऑइल सोडले, प्लग परत बसवला आणि मला किक मारायला सांगितली. मघाशी पोकळ जाणारी किक आता पायाला जड लागली. ऑइलने रिंगांच्या फटी घटकाभर बुजवल्या होत्या. "नोड्री सर, रिंग होग्याव्री," ते म्हणाले. निदान माझ्याच पायाला कळले होते.

इंजिन उघडल्यावर त्यांनी मला फोन करून बोलावले. कनेक्टिंग रॉड वरखाली हलवून दाखवला. त्यात खेळ नव्हता. "क्रँक बिच्चूद ब्याड्री," म्हणून तो विषय त्यांनी तिथेच मिटवला. अकरा हजारांतला मोठा वाटा तिथे वाचला. मात्र सिलिंडरच्या आत उभे ओरखडे होते. अशा झिजलेल्या सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या, तर थोड्याच दिवसांत धूर पुन्हा येतो. म्हणजे तीन हजारांचे ते स्वस्त काम शेवटी महागातच पडले असते.

मग बोअर करणे आले. या इंजिनाचा मूळ बोअर 50 मिलिमीटरचा. झीज पाहून पाव-पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन मिळतात. आधी पिस्टन विकत घ्यायचा, तो मोजायचा आणि त्याच्या मापाने सिलिंडर कापायचा. नुसत्या छापील आकड्यावर विसंबून कापायचा नाही, असा त्यांचा नियम. फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी नावाजलेल्या उद्यमबागेत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारे हात आहेत, हे बेळगावकरांचे भाग्य आपण फारसे मोजत नाही.

बिल झाले पाच हजार चारशे. सोबत एका पिशवीत जुना पिस्टन, रिंगा आणि गॅस्केट परत मिळाले. पहिले पाचशे किलोमीटर गाडी सावकाश चालवायची आणि मग ऑइल बदलायचे, एवढी ताकीद दिली. तेव्हापासून धूर नाही.

'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. आपण मिस्त्री म्हणतो, कन्नडमध्ये मेस्त्री म्हणतात. मूळ अर्थ उस्ताद किंवा गुरू. मला त्यांच्यात शिक्षकाचा गुण दिसला तो हाच, की उत्तर सांगण्याआधी ते कारण दाखवतात. वाचकहो, मिस्त्री निवडताना नुसता भाव विचारू नका. गाडी तपासून दोष दाखवाल का, काय बदलणार ते आधी लिहून द्याल का, जुने पार्ट परत द्याल का, एवढे विचारा. खरा कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खुलतो.

परवा माझ्यासोबत एक तरुण सहकारी आपली नवी गाडी घेऊन त्यांच्याकडे आले. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्बुरेटरऐवजी इंजेक्शन आले. त्यातला दोष शोधायला स्कॅनर लागतो. मिस्त्रींनी गाडी सुरू केली, ऐकली आणि बंद केली. "हे माझं काम नव्हे सर. माझ्याकडं मशीन नाही, उगीच हात लावणार नाही," म्हणाले आणि दुसऱ्या गॅरेजचा पत्ता सांगितला. समोर चालून आलेले गिऱ्हाईक त्यांनी असे सहज सोडले, आणि वाटेत त्या सहकाऱ्यांनी मला विचारले, "सर, घरी बाबांची जुनी गाडी पडून आहे. ती यांच्याकडे आणू का?"