राव, वाजपेयी आणि क्रेडिट कुणाचं?

नरसिंह राव मोठे की वाजपेयी, हा वाद ऑफिसच्या कँटीनमध्ये वर्षातून एकदा तरी होतोच. बजेट आलं की, नाहीतर निवडणुका आल्या की. आणि दरवेळी त्याच पद्धतीने होतो. एकजण म्हणतो, १९९१ झालं नसतं तर आपण सगळे आज बँकेच्या परीक्षा देत बसलो असतो. दुसरा म्हणतो, ते मनमोहनसिंगांनी केलं, रावांनी काय केलं? तिसरा म्हणतो, हायवे बघा, मोबाईल बघा, पोखरण बघा, वाजपेयींसारखा माणूस पुन्हा होणे नाही. मग कुणीतरी बाबरी काढतो, कुणीतरी गुजरात, आणि सगळे आपापला डबा उचलून जागेवर जातात.

वाद व्हावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातला हिशोब मला पटत नाही. चांगल्या कामांचे प्लस, वाईट कामांचे मायनस, बेरीज करा, ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. जणू चांगलं काम एका मॉड्यूलमध्ये होतं आणि वाईट दुसऱ्याच. मला वाटतं दोन्ही एकाच ठिकाणाहून आलं. रावांना गप्प राहता येत होतं आणि वाजपेयींना बोलता येत होतं. दोघांनी जे मिळवलं ते त्याच्या जोरावर, आणि जिथे माती खाल्ली तिथेही कारण तेच.

आधी एक गंमत. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत हे दोघेही पडले होते. वाजपेयी ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांकडून हरले, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या वेळी भाजपच्या देशभरात फक्त २ जागा आल्या, हेही. पण त्या दोनपैकी एक जागा आंध्रातली हनमकोंडा होती आणि तिथे भाजपने ज्याला पाडलं तो उमेदवार म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव! राव वाचले ते आपल्या विदर्भामुळे. ते रामटेकहूनही उभे होते आणि तिथून निवडून आले. १९८९ लाही रामटेकच. पुण्यात फर्ग्युसनला आणि नागपुरात लॉ कॉलेजला शिकलेल्या माणसाला मराठी अवघड नव्हतंच. ह. ना. आपट्यांच्या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. कुठल्या? 'पण लक्षात कोण घेतो'. पुढे जे झालं ते बघता नाव अगदी फिट्ट बसतं :)

तर १९९१. राव तेव्हा निवृत्तीच्या तयारीत होते, लोकसभेची ती निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती. प्रचार चालू असताना २१ मे ला राजीव गांधींची हत्या झाली आणि २१ जूनला राव पंतप्रधान. पक्षाला बहुमत नाही, तिजोरीत परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं गहाण पडायला इंग्लंडला गेलं. हे सगळं आपल्याला साधारण माहीत असतं.

२४ जुलै १९९१ चा दिवस मात्र नीट बघण्यासारखा आहे. आपल्याला तो मनमोहनसिंगांच्या बजेटचा म्हणून माहीत असतो. पण त्याच दिवशी, बजेटच्या काही तास आधी, संसदेत नवं औद्योगिक धोरण मांडलं गेलं. १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांची लायसन्सची भानगड संपली. कुठल्या कारखान्याने किती माल बनवायचा हे दिल्लीतल्या साहेबाने ठरवायचं, ही चाळीस वर्षांची पद्धत एका दुपारी गेली. उद्योग खातं होतं कुणाकडे? खुद्द रावांकडे. मग पंतप्रधानांनी उभं राहून दणदणीत भाषण केलं असेल ना? छे. ते मांडायला त्यांनी राज्यमंत्री कुरियन यांना पुढे केलं. स्वतः गप्प. आणि संध्याकाळी बजेट असल्यामुळे देशाचं लक्ष तिकडे. वर पक्षात सांगायला, हे सगळं नेहरू-राजीव यांच्या वाटेवरूनच चाललंय!

आपण कधीकधी मोठा बदल रिलीज नोट्समध्ये 'मायनर फिक्सेस' म्हणून ढकलतो, तसला प्रकार. फरक इतकाच की हा डाव्यांच्या, स्वतःच्या पक्षातल्या जुन्या खोडांच्या आणि कारखानदारांच्याही नाकावर टिच्चून ढकलला होता. जाहीर गाजावाजा केला असता तर अल्पमतातलं सरकार पुढचं बजेट बघायला शिल्लक राहिलं नसतं असं मला वाटतं. ते गप्प राहणं म्हणजे भित्रेपणा नव्हता, ते कौशल्य होतं.

आपल्या धंद्याचंही बघा. कॉम्प्युटर आयात करायचा तर परवान्यासाठी दिल्लीला खेटे घालावे लागत, हे इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी किती वेळा सांगितलंय. (इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, हे पुणेकर सांगायचं विसरत नाहीत. मीही नाही.) सॉफ्टवेअर निर्यातीच्या नफ्यावरची करसवलत त्याच १९९१ च्या बजेटात विस्तारून आली. राजीव गांधींच्या १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणाचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, पण दार सताड उघडलं ते इथे. आणि राव स्वतः साठी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले, प्रोग्रॅमिंगसुद्धा करायचे. कोड लिहिणारा पंतप्रधान! आपल्या जमातीने त्यांचा एखादा फोटो तरी लावायला हरकत नव्हती.

आता तोच स्वभाव सव्वा वर्षानंतर. ६ डिसेंबर १९९२. उत्तर प्रदेशातल्या कल्याणसिंग सरकारने मशिदीला धक्का लागणार नाही असं सुप्रीम कोर्टाला लिहून दिलेलं. केंद्राचं निमलष्करी दल जवळच होतं, पण राज्य सरकार बोलावणार कशाला? रावांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, काही घडायच्या आधीच राज्य सरकार बरखास्त केलं असतं तर ते घटनेत बसलं नसतं. कायद्याच्या भाषेत या म्हणण्यात दम आहे. पण दुपारी घुमटावर माणसं चढल्यापासून संध्याकाळी शेवटचा घुमट पडेपर्यंत बरेच तास होते. त्या तासांत देशाच्या पंतप्रधानाने काहीतरी बोलायला, करायला हवं होतं. थांबून राहिलं की बाजू आपोआप आपल्याकडे झुकते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. त्या दिवशी तो लागू पडत नव्हता.

आणि याची किंमत कुणी भरली? मुंबईने. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलीत श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे ९०० माणसं मेली. १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट, २५७ मृत्यू. ज्या शहराला १९९१ चा सगळ्यात जास्त फायदा होणार होता त्याच शहरातल्या वस्त्या कायमच्या वेगळ्या झाल्या. आजही भाड्याने घर शोधताना आडनाव विचारलं जातं ना, त्याला तेव्हापासून आणखी धार आली. मागचं खातं उघडायचं तर नोव्हेंबर १९८४ मध्ये दिल्लीत शिखांचं हत्याकांड झालं, अधिकृत आकडा २,७३३, तेव्हा देशाचे गृहमंत्री रावच होते, आणि दिल्लीचे पोलीस गृहखात्याच्या हाताखाली असतात. म्हणजे एकदा नाही, दोनदा. मला १९९१ बद्दल त्यांचे पाय धरावेसे वाटतात आणि १९९२ बद्दल त्यांना माफ करावंसं वाटत नाही. या दोन गोष्टींची वजाबाकी माझ्याच्याने होत नाही. मी ती करतही नाही.

वाजपेयींकडे येताना एकदम हवा बदलते. माणूस सगळ्यांना आवडायचा. विरोधकांनाही. भाषणात मध्येच थांबायचे, डोळे मिटायचे, आणि अख्खं मैदान पुढच्या शब्दासाठी थांबायचं. पण त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं काम भाषणातलं नाही, टेलिकॉममधलं आहे.

रावांच्या सरकारने १९९४ मध्ये टेलिकॉम धोरण आणलं, ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉलचेही पैसे. खाजगी कंपन्यांनी लायसन्ससाठी वाट्टेल त्या बोली लावल्या होत्या, ती फी भरता भरता त्यांचा जीव निघाला. सिस्टीम लाँच झाली, पण चालेना. १९९९ च्या नव्या धोरणात ठराविक फीऐवजी उत्पन्नातला हिस्सा द्यायचा असं ठरलं, आणि मग बाजार खऱ्या अर्थाने हलला. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. यालाही काळी बाजू आहेच. जगमोहन नावाचे मंत्री कंपन्यांना ही सवलत द्यायला तयार नव्हते, तर जून १९९९ मध्ये त्यांचं खातंच बदललं गेलं. शिवाय ते सरकार एप्रिलमध्ये एका मताने पडलेलं, म्हणजे काळजीवाहू. अशा सरकारने एवढा मोठा निर्णय घ्यावा का, हा प्रश्न रास्त होता. पण तुमच्या-माझ्या खिशातला फोन त्या निर्णयावर उभा आहे. म्हणून म्हटलं, क्रेडिट कुणाचं? पहिलं व्हर्जन एकाचं, ते चालतं करणारा पॅच दुसऱ्याचा.

(जाता जाता: मुंबई-पुणे एक्सप्रेसवे वाजपेयींनी बांधला असं बरेच जण ठामपणे सांगतात. तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने बांधला. वाजपेयींच्या सुवर्ण चतुष्कोनातला म्हणायचा तर पुण्याहून सातारा-कोल्हापूरकडे जाणारा चौपदरी रस्ता.)

त्याच ५,८४६ किलोमीटरच्या चतुष्कोनावर बिहारमध्ये सत्येंद्र दुबे नावाचा आयआयटी कानपूरचा तरुण इंजिनियर काम करत होता. कंत्राटातला भ्रष्टाचार त्याने थेट पंतप्रधानांना पत्राने कळवला आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र त्याच्या नावानिशी या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळ्या घातल्या. सीबीआयच्या तपासात ते लूटमारीचं प्रकरण ठरलं आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. पण नाव फुटलं ते फुटलंच. एवढी एकच गोष्ट गुप्त ठेवायची होती.

बोलण्याची ताकद काय असते हे वाजपेयींनी दाखवलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये बसने लाहोर, थेट मिनार-ए-पाकिस्तानपर्यंत. त्यानंतर कारगिल झालं, डिसेंबरमध्ये कंदाहारला मसूद अझहरसकट तीन जणांना सोडावं लागलं, २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला. एवढं होऊनही एप्रिल २००३ मध्ये श्रीनगरला जाऊन त्यांनी पुन्हा हात पुढे केला. काश्मिरी नेते त्या भाषणाचा दाखला नंतर वर्षानुवर्षं देत राहिले.

पण बोलणं हेच काम, असं एकदा झालं की पंचाईत होते. एप्रिल २००२ मध्ये अहमदाबादला त्यांनी राजधर्माचा तो शब्द उच्चारला. शेजारी मुख्यमंत्री बसलेले, समोर पत्रकार. सगळ्या देशाला वाटलं, आता काहीतरी होणार. आठवड्याभरात पणजीला पक्षाची बैठक झाली, मुख्यमंत्र्यांचा राजीनामा पक्षाने घेतला नाही, आणि पणजीच्याच सभेत वाजपेयींचा सूर असा काही फिरला की अहमदाबादला बोललेला माणूस हाच का, असं वाटावं. एक हजारावर माणसं मेली होती. शब्द बरोबर होता, पुढे काहीच नव्हतं. तो शब्द आजही कौतुकाने सांगितला जातो, आणि मला नेहमी वाटतं की पंतप्रधानाकडे शब्दाशिवाय इतरही अधिकार असतात.

दोघेही निवडणूक हरूनच गेले. १९९६ मध्ये रावांच्या काँग्रेसला १४० जागा, २००४ मध्ये वाजपेयींच्या भाजपला १३८. पण नंतरचा फरक बघा. २३ डिसेंबर २००४ ला राव गेले, तेव्हा त्यांचं पार्थिव काँग्रेस मुख्यालयाच्या फाटकाबाहेर ताटकळलं, फाटक उघडलं नाही, आणि अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये वाजपेयींच्या अंत्ययात्रेत पंतप्रधान चालत होते. वाजपेयींना भारतरत्न २०१५ मध्ये, जिवंतपणी, घरी जाऊन. रावांना २०२४ मध्ये, आणि तेही भाजपच्या सरकारने. हैदराबादला एअरपोर्टच्या वाटेवर ११.६ किलोमीटरचा पीव्हीएनआर एक्सप्रेसवे आहे, मुंबईत २१.८ किलोमीटरचा अटल सेतू. दोन्हीवर आपली मंडळी रोज ये-जा करतात. एका नावाचं लाँगफॉर्म सगळ्यांना येतं, दुसऱ्याचं विचारून बघा.

हे दोघे एकमेकांना मात्र चांगले ओळखून होते. १९९४ मध्ये जिनिव्हाला मानवी हक्क आयोगात काश्मीरवरून भारताची कोंडी करायचा पाकिस्तानचा प्रयत्न होता, तेव्हा रावांनी शिष्टमंडळाचा नेता म्हणून विरोधी पक्षनेत्याला, म्हणजे वाजपेयींनाच पाठवलं. बोलायचं काम आहे ना, मग बोलणारा माणूस पाठवा. डिसेंबर १९९५ मध्ये रावांची पोखरणची तयारी अमेरिकेच्या उपग्रहांना दिसली, दबाव आला, चाचणी राहिली. मे १९९६ मध्ये राव गेले आणि वाजपेयी आले, तेरा दिवसांसाठी. त्या अदलाबदलीत रावांनी त्यांना सांगितलं की सामग्री तयार आहे, मला जमलं नाही, तुम्ही करा. मे १९९८ मध्ये ते झालं आणि देशभर पेढे वाटले गेले वाजपेयींच्या नावाने. राव त्यावर काही बोलले नाहीत. ते गेल्यावर काही दिवसांतच वाजपेयींनी ही गोष्ट स्वतःहून जाहीरपणे सांगितली, आणि बॉम्बचं श्रेय रावांचं आहे असं म्हणाले.