शिट्टीचा इम्तिहान

मुलांचे पेपर तपासणे वेगळे आणि स्वतः पेपराला बसणे वेगळे. बी.एड. झाल्यापासून आम्हाला इम्तिहान घेण्याचीच सवय. आता फुटबॉल पंच म्हणून आमचे मूल्यमापन व्हायचे आहे आणि आम्ही पुन्हा विद्यार्थी झालो आहोत. आम्ही दोघे नागपुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मोमिनपुऱ्यातला फुटबॉल पाहत लहानाचे मोठे झालो.

तयारीची सुरुवात पायांपासून. फज्रची नमाज झाली की मैदान गाठायचे. आधी 40 मीटरच्या 6 वेगवान धावा. मग 75 मीटर धावायचे, 25 मीटर चालायचे, असे 40 वेळा. हिशेब केला तर 4 किलोमीटर होतात. 75 मीटरसाठी 15 सेकंद धरून आम्ही सराव करतो. एक धावतो, दुसरा घड्याळ पाहून शिट्टी वाजवतो. तिशी उलटलेले गुडघे विसाव्या फेरीनंतर तक्रार करू लागतात.

संध्याकाळी पुस्तक. खेळाचे कायदे 17 आहेत, पण पुस्तक इंग्रजीत. आम्ही ते एकमेकांना उर्दूत समजावतो. पाडापाडीच्या फाऊलच्या तीन पायऱ्या आहेत. बेएहतियाती असेल तर नुसती फ्री किक, समोरच्याच्या धोक्याची पर्वा न करता घुसला तर पिवळे कार्ड, गरजेपेक्षा जास्त जोर लावून त्याला धोक्यात घातले तर लाल. ही उतरंड आपल्या जबानीत मांडली तेव्हा कुठे डोक्यात पक्की बसली. कायदे बदलतही राहतात. 2025 पासून गोलकीपरने चेंडू हातात 8 सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. मोहल्ल्यातले जुने खेळाडू अजून 6 सेकंदांवरच वाद घालतात.

वाचता वाचता एक गोष्ट कळली आणि मन खुश झाले. पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना काढणारे केन ॲस्टन हे इंग्लंडमधले शिक्षक होते. रस्त्यावरच्या सिग्नलवरून त्यांना ती सुचली आणि 1970 च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात कार्डे पहिल्यांदा वापरली गेली. पंचाने मैदानात तिरक्या रेषेत धावावे, ही पद्धत रूढ करणारे स्टॅनले राऊस हेही शिक्षकच. म्हणजे आम्ही काही परक्या बिरादरीत शिरलेलो नाही!

खरा पेपर मात्र मैदानावर. निरीक्षक बाजूला बसून लिहीत असतो. निर्णय बरोबर होता का, एवढेच तो पाहत नाही. निर्णय किती अंतरावरून दिला, कोणत्या कोनातून पाहिला, लाइनवरच्या सहायकाकडे नजर गेली का, हेही पाहतो. दूरून दिलेला बरोबर निर्णयही लोकांना पटत नाही.

परवा चहाच्या टपरीवर एका चाचांनी विचारले, "मास्टरसाब, अपने बच्चे खेलेंगे तो सीटी किसकी तरफ से बजाओगे?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण सवाल घरापर्यंत सोबत आला. सकाळी ज्याला वर्गात शिकवले, त्याच्याच विरुद्ध संध्याकाळी पेनल्टी द्यावी लागेल. दुसऱ्या बाजूचे काही लोक आमची नावे ऐकूनच निकाल ठरवून टाकतील. अशा वेळी एक मोह होतो. आपण निष्पक्ष आहोत हे दाखवायला आपल्याच पोरांवर जरा जास्त कडक व्हावे. वरवर पाहता ही मोठी ईमानदारी वाटते. पण त्या पोराचा गुन्हा काय? दुसऱ्यांच्या शंकेची किंमत त्याने का मोजायची? झुकते माप कुणाच्याही बाजूने झुकले तरी ते खोटेच.

म्हणून आता आम्ही सरावात एकमेकांना एकच सवाल विचारतो, "जर्सी वेगळ्या रंगाची असती तर हाच निर्णय दिला असता का?" उत्तर 'हो' येईपर्यंत तोच प्रसंग पुन्हा तपासतो.

निरीक्षक गुण देईल ते कागदावर. मोहल्ल्यातली मुले कुंपणाला टेकून पाहत असतील. त्यांनाही आम्ही इन्साफ हा शब्द वर्गात शिकवलेला आहे.