विनुकोंड्याचं वटवाघूळ

गुंटूर सोडलं की गाडी नरसरावपेटवरून विनुकोंड्याकडे निघते. वाटेत मिरचीची शेतं, मधूनच वाळत घातलेल्या मिरच्यांची लालभडक खळी. हा पलनाडू मुलूख. तेलुगू कवी गुर्रम जाशुवा विनुकोंड्यात १८९५ साली जन्मले. आई मादिगा या चर्मकार जातीची, वडील यादव, घर ख्रिस्ती. गावाच्या लेखी मात्र अस्पृश्यच. तरुणपणी राजमहेंद्रीत मूकपटांच्या पडद्याशेजारी उभं राहून ते कथा वाचून दाखवत. पुढे मास्तरकी केली.

डोंगरमाथ्यावर रामलिंगेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या चढताना मनात जाशुवांचं ‘गब्बिलम’ होतं, म्हणजे वटवाघूळ. १९४१ साली आलेलं हे काव्य मेघदूताच्या वळणाचं. यक्षाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं आपण अभिमानानं सांगतो. तिथला मेघ प्रियेकडे निघाला होता. जाशुवांचा नायक दक्षिणेतला उपाशी चर्मकार. त्याचा निरोप काशीच्या विश्वनाथाला. देवळाचं दार त्याला बंद, पण वटवाघळाला कोण अडवणार? ते थेट गाभाऱ्यात शिरतं, छताला लोंबकळत देवाच्या कानाशी लागतं. अपशकुनी म्हणून लोक ज्याला हाकलतात, त्याच जिवावर या माणसानं आपलं गाऱ्हाणं सोपवलं. संदेशकाव्याचं इतकं धारदार रूप मी दुसरं वाचलेलं नाही.

आणि हे सगळं अभिजात वृत्तांमध्ये! जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या नाकारली गेली, तीच त्यांनी असामान्य ताकदीनं कमावली. चेळ्ळपिळ्ळ वेंकटशास्त्रींसारख्या ब्राह्मण महाकवीनं त्यांच्या पायात गंडपेंडेरम, म्हणजे कवीच्या गौरवाचा तोडा, स्वतःच्या हातानं चढवला. १९६४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार आणि पद्मभूषणही आलं.

खाली स्टेशनवर एका आजोबांना जाशुवांचं नाव सांगताच त्यांनी स्मशानावरची पद्यं खड्या आवाजात सुरू केली. हरिश्चंद्र नाटकाच्या स्मशानप्रवेशात नटांनी ती कधीच आपलीशी केली आहेत. आपल्या नाट्यपदांसारखाच तिथं पद्यांना ‘वन्स मोअर’ मिळतो. दाद देणाऱ्यांत जातीनं उंच म्हणवणारेही असतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९७१ मध्ये जाशुवा गेले. त्यांची मुलगी हेमलता लवणम् पुढे स्टुअर्टपुरममध्ये, ‘गुन्हेगार’ असा शिक्का बसलेल्या जमातींत राबल्या आणि निजामाबादकडे देवाला वाहिलेल्या जोगिणींची लग्नं लावून त्यांना घरं मिळवून देत राहिल्या.