एक माहेर, दोन पहिले वर्ग

बुलढाणा जिल्ह्यात जायचे ठरले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. माझा पक्ष आगगाडीचा आणि सौभाग्यवतींचा मोटारगाडीचा. तिचे माहेर मेहकरचे. मेहकरला आगगाडी जात नाही, हा माझ्या पक्षाचा दुबळा मुद्दा. तो तिने गेल्या पस्तीस वर्षांत पुष्कळ वेळा वापरला आहे.

यंदा श्रावणात तिच्या थोरल्या भावाची एकसष्टी होती. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आयुष्यभर तुम्ही दोघांनी खिडकीजवळची जागा मिळाली तरी नवस फेडले. या खेपेला जाताना रेल्वेचा वातानुकूलित पहिला वर्ग आणि येताना समृद्धी महामार्गावरची निजायची बस. दोन्ही वरच्या दर्जाचे. मग काय ते एकदाच ठरवा." मी विमानाचे नाव काढून पाहिले. पण बुलढाण्याला विमान उतरत नाही. छत्रपती संभाजीनगरला उतरून पुढे दीडशे किलोमीटरच्या आसपास रस्ताच तुडवायचा, तर वर दिलेल्या त्या राजेशाही खुर्चीचा उपयोग काय? तेव्हा सामना आगगाडी आणि बस या दोघांतच ठरला.

सामन्याआधी मैदान समजून घेतले पाहिजे. नकाशात बुलढाणा जिल्हा एकच दिसतो, पण तिथला माणूस त्याचे दोन भाग मानतो. घाटाखालचा आणि घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा घाटाखालचा मुलूख. काळी जमीन, कपाशी आणि पूर्णा नदी. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा. इथे उगम पावणारी पैनगंगा मेहकरच्या अंगाने पूर्वेकडे जाते. पूर्णेचे पाणी तापीतून अरबी समुद्राला मिळते आणि पैनगंगेचे पाणी वर्धा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. एकाच जिल्ह्यावर पडलेल्या पावसाची अशी ताटातूट होते! माणसांच्या वाटाही तशाच फुटल्या. आगगाडी आली ती घाटाखालून. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला तो याच सपाटीवरून. आणि समृद्धी महामार्ग गेला तो घाटावरून. तात्पर्य, आमचे दोन पक्ष हे नुसते वाहनांचे पक्ष नाहीत, जिल्ह्याच्या दोन मजल्यांचे आहेत.

संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर विदर्भ एक्सप्रेसमध्ये आम्ही पाऊल ठेवले, तेव्हा मला उगीचच आपला सदरा चुरगळलेला असल्यासारखे वाटले. पहिल्या वर्गाचा गुणच तो. सरकता दरवाजा, आतून कडी, चार जणांची खोली, खाली गालिच्यासारखे काहीतरी. पांढऱ्या चादरी, उशी, कांबळे, हात पुसायला टॉवेल. सेवक येऊन अदबीने विचारून गेला. सौ.ने प्रथम चादर उलटी करून पाहिली, मग वास घेतला आणि मगच "बरी आहे" असा निकाल दिला.

आमच्या समोर नागपूरचे एक वृद्ध जोडपे होते. गृहस्थ रेल्वेतूनच निवृत्त झालेले. ते म्हणाले, "१९७४ साली रेल्वेने तिसरा वर्ग बंद केला. म्हणजे काय केले, तर तिसऱ्याला दुसरा म्हणायला सुरुवात केली!" आम्ही मनापासून हसलो. हसता हसता माझ्या लक्षात आले की आपण हसत आहोत ते पहिल्या वर्गात बसून. त्याच गाडीच्या पुढच्या टोकाला साध्या डब्यात लोक दाराच्या पायरीपाशी बसले असतील. लग्नानंतर आम्ही दोघे पहिल्यांदा मेहकरला गेलो ते तसेच, ट्रंकेवर आळीपाळीने बसून. त्या रात्री कल्याण आले, कसारा आला, इगतपुरीचा वडा आला, मनमाड आले, सगळे कळले. या खेपेला काहीच कळले नाही. कसाऱ्याचा घाट गाडीने चढला असला पाहिजे, कारण त्याशिवाय इगतपुरी येत नाही. पण काचेआडून घाट दिसला नाही की बोगद्याचा आवाज आला नाही. आराम फार होता. प्रवास मात्र थोडा कमीच वाटला.

आणि झोप? तिथेच खरी गोम आहे. ही गाडी मलकापूरला पोचते ती रात्री दोन-तीनच्या दरम्यान. नागपूरच्या प्रवाशाला हा वर्ग झोपायला दिलेला आहे. मलकापूरच्या प्रवाशाला तो जागे राहायला दिलेला आहे. बंद दार, पडदे, बाहेरचा दिवा दिसत नाही, फेरीवाल्याची हाक ऐकू येत नाही. साध्या डब्यात स्टेशन चुकत नाही, कारण दहा माणसे "मलकापूर आलं हो" म्हणून ओरडतात. इथे मी भुसावळपासून घड्याळाकडे बघत मऊ गादीवर बसून होतो. सेवकाने उठवण्याचे कबूल केले होते आणि त्याने वेळेवर दार वाजवलेही. पण कबूल करणे वेगळे आणि विश्वास बसणे वेगळे. गाडी थांबते दोन मिनिटे. तेवढ्यात दोन बॅगा, एक लाडवांचा डबा आणि एक बायको फलाटावर उतरवायची, म्हणजे पहिल्या वर्गाचा रुबाब गाडीतच ठेवून यावा लागतो.

पहाटेपर्यंत प्रतीक्षालयात बसलो. उजाडल्यावर एस.टी.ची लाल बस मिळाली आणि इथून मेहकरपर्यंतचे शंभरावर किलोमीटर आम्ही त्या लाल बसच्या खडखडाटात काढले. पण वाचकहो, खरे सांगतो, प्रवासाचा आनंद सुरू झाला तो तिथे! मोताळा सोडले आणि राजूरचा घाट लागला. श्रावणातला घाट. दोन्ही बाजूंना ओली हिरवी झाडी, वळणावर पाण्याच्या बारीक धारा, ढग थेट रस्त्यावर उतरलेले. खालचा दमट उकाडा मागे पडला आणि बुलढाण्याची गार हवा खिडकीतून आत आली. शेजारच्या आजीबाईंनी सौ.च्या ओटीत दोन भुईमुगाच्या शेंगांच्या मुठी टाकल्या आणि "कोणाची व्हय गं तू?" म्हणून चौकशी सुरू केली. चिखली येईपर्यंत त्यांचे लांबचे नातेही निघाले. पहिल्या वर्गाच्या खोलीत चार तासांत आम्हाला समोरच्या गृहस्थांचे आडनावसुद्धा कळले नव्हते.

मेहुण्यांनी दारातच विचारले, "काऊन जावईबापू, झोप झाली का राजावानी?" मी म्हटले, "राजासारखी गादी मिळाली, झोप पहारेकऱ्यासारखी झाली." ते हसले, पण मग थोडे गंभीर झाले. "तुमची रेल्वे चांगलीच आहे हो. पण ती आमच्याकडं कुठं आहे? ब्रिटिशांच्या काळापासून आम्ही ऐकतो, जालना-खामगाव रेल्वे येणार. सर्वेक्षणं झाली, मोर्चे झाले, निवडणुका झाल्या. रूळ काही आले नाहीत."

हे शब्द मनाला लागले. खामगावला रेल्वे आली १८७० साली. जलंबपासून खामगावपर्यंत तेरा किलोमीटरच्या आसपासचा फाटा, आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. का, तर खामगावच्या बाजारातला कापूस साहेबाला हवा होता. कापसाच्या गाठींसाठी रूळ इतक्या लवकर पडले आणि घाटावरच्या माणसांसाठी दीडशे वर्षांनंतरही पडले नाहीत. कापसाचा वर्ग नेहमीच पहिला होता म्हणायचा!

एकसष्टी थाटात झाली. शारंगधर बालाजीचे दर्शन झाले. त्या काळ्या पाषाणाच्या भव्य मूर्तीपुढे उभे राहिले की माणसाला आपली उंची बरोबर कळते. एक दिवस लोणारही झाले. उल्का आदळून पडलेले ते विवर काठावरून पाहताना भाचा म्हणाला, "आत्या, २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा सगळं जग इकडं बघत होतं." त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळींच्या यादीत जागा मिळाली. जग बघते आहे. पण जगाला इथे यायचे तर रस्त्यानेच यावे लागते.

आणि तो रस्ता आता आला आहे, हे माझ्या पक्षानेही मान्य केले पाहिजे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. पहिला टप्पा नागपूर ते शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा, इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा, ५ जून २०२५ रोजी. मेहकरच्या माणसाला जन्मात पहिल्यांदा मुंबई एका रात्रीच्या सरळ झोपेवर आली.

रात्री नऊला बस आली. ही गाडी म्हणजे चाकांवरचा पहिला वर्गच. एका बाजूला जोडप्यांचे बिछाने, दुसऱ्या बाजूला एकट्याचे, खाली एक मजला आणि वर एक. प्रत्येकाला पडदा, दिवा, पाण्याची बाटली, कांबळे, मोबाइलची बॅटरी भरायची सोय. बिछाना आगगाडीपेक्षा मऊ. स्टेशन चुकायची भीती नाही, कारण आम्हाला शेवटपर्यंत जायचे. सौ. विजयी मुद्रेने म्हणाली, "आता बोला!" मी काहीच बोललो नाही. रस्ता इतका गुळगुळीत होता की बाटलीतले पाणीही हलत नव्हते.

मग माझे लक्ष खिडकीकडे गेले. काच पक्की बंद. तिच्यावर संकटकाळी फोडण्याची सूचना, शेजारी हातोडी अडकवायची खोबण. आणि खोबण रिकामी. मी क्लीनरला विचारले. तो सहज म्हणाला, "लोक घेऊन जातात काका, म्हणून पुढे ड्रायव्हरसाहेबांजवळ ठेवली आहे." मी मनात हिशेब केला. आम्ही मागून दुसऱ्या बिछान्यावर. मधली वाट एका माणसाच्या रुंदीची. दार एकच, तेही पुढे डावीकडे.

मेहकर सोडले की थोड्या वेळाने सिंदखेडराजाचा परिसर लागतो. जिजाऊंचे जन्मगाव. दर १२ जानेवारीला इथे लाखो माणसे येतात. पण त्या रात्री आमच्या दोघांच्याही मनात दुसरीच तारीख होती. १ जुलै २०२३. याच तालुक्यात पिंपळखुट्याजवळ, याच महामार्गावर, मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस उलटली आणि पेटली. डाव्या अंगावर पडल्याने दार खाली दबले. पंचवीस माणसे गेली. काहीजण काच फोडून बाहेर पडले म्हणून वाचले. तेही सगळे आमच्यासारखेच पडदा ओढून, कांबळे घेऊन, उद्या सकाळी पोचू म्हणून निजले होते.

सौ.ने अंधाराकडे पाहून हात जोडले. मग हळूच म्हणाली, "अहो, ती हातोडी मागून आणता का?" मी उठून वाटेतल्या चपला चुकवत पुढे गेलो. चालकाला विचारले. त्याने तक्रार न करता काढून दिली. चांगला माणूस. वय तिशीच्या आतले. मी म्हटले, "झोप झाली आहे ना दुपारी?" तो म्हणाला, "झाली काका. दोघं आहोत. जालन्यानंतर हा बसेल." सरळ, रिकामा, वळण नसलेला रस्ता डोळ्यांवर कशी झापड आणतो, हे त्याने आपणहून सांगितले. मी थोडा वेळ त्याच्यामागे बसून गप्पा मारल्या. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाने हा उद्योग करायचा नसतो. पण परत बिछान्यावर आलो तेव्हा माझ्या हातात हातोडी होती आणि मन पुष्कळ शांत होते. ती रिकाम्या खोबणीत बसवली. उरलेली रात्र दोघांनाही चांगली झोप लागली. पहाटे ठाण्याचे दिवे दिसले.

घरी चिरंजीव निकालाची वाट पाहत होते. गादीत बस जिंकली, चादरीत रेल्वे जिंकली. वेळेत बस जिंकली, हे मला लेखी द्यावे लागले. शौचालयाच्या बाबतीत रेल्वेच्या तोडीला कोणी नाही, हे सौ.नेही मान्य केले. राजूरचा घाट आणि आजीबाईंच्या शेंगा या दोन गोष्टी लाल बसच्या खात्यावर जमा केल्या, ती सामन्यात नसतानाही.

"पण बाबा, शेवटी कोण?" त्याने विचारले. "दिवाळीला मी सूनबाईला आणि लहानग्याला घेऊन मामांकडे जाणार आहे. कशाने जाऊ?"

आतापर्यंत सगळी गंमत होती. या प्रश्नाने ती संपली. स्वतःसाठी माणूस गादी बघतो, नातवासाठी दार बघतो. रेल्वेच्या डब्याला दोन्ही टोकांना दारे आहेत. पण रूळ मेहकरला जात नाहीत. बस मेहकरला जाते. पण तिचे दार एकच. घाटावरच्या माणसाला या दोहोंतून रोज निवड करावी लागते, आणि तीही चिरंजीवांनी तिकीट काढून दिलेले नसताना.

मी उत्तर देण्याआधीच सौ. म्हणाली, "रेल्वेने मलकापूरला जा. मामांना सांग, पहाटे स्टेशनवर येतील." तिने पस्तीस वर्षांचा आपला पक्ष असा एका वाक्यात सोडला. मग स्वयंपाकघरात जाता जाता वळून म्हणाली, "आणि बसनेच यावं लागलं, तर चढल्या चढल्या आधी हातोडी कुठे आहे ते बघ. पडदा नंतर ओढ."