ग्वाल्हेर ते सिंगापूर : अंतर नेमके किती?

शाळेत भूगोलाच्या तासाला पृथ्वीगोलावर दोरा ताणून अंतर मोजण्याची कृती आम्ही मुलांकडून अनेकदा करवून घेतली आहे. दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर आणि दुसरे सिंगापूरवर ठेवले, की प्रमाणानुसार सुमारे ४,१५० किलोमीटर भरतात. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त तिकडे गेले तेव्हा मात्र त्यांनी अंतर सांगितले ते निराळ्या मापाने : "बाबा, फक्त पावणेसहा तास!"

तो आकडा आमच्या मनात घर करून बसला. २०२२ च्या श्रावणात मातोश्री गेल्या. सकाळी सात वाजता चिरंजीवांना दूरध्वनी केला. ते तातडीने निघाले, परंतु पोहोचले दुसऱ्या दिवशी सकाळी. अंत्यसंस्कार आदल्या संध्याकाळीच उरकावे लागले होते. ज्या आजीच्या मांडीवर ते वाढले, तिचे अंत्यदर्शन त्यांना घडले नाही. आप्तेष्टांत कुजबुज झाली. आणि खरे सांगायचे तर आम्हीही मनातल्या मनात तासांचा हिशेब मांडला. बोललो नाही, एवढेच.

२०२४ च्या उन्हाळी सुटीत आम्ही उभयता सिंगापूरला निघालो. लष्करातील घराला कुलूप लावले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. दिल्लीपर्यंतचे जेमतेम सव्वातीनशे किलोमीटर तोडण्यास आगगाडीला पाच तास लागले. विमानतळावर तीन तास आधी हजर राहावे लागते. सामान, पारपत्र, तपासणी अशा एकेका रांगेतून सरकत अखेर रात्री अकराला विमान उडाले. ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने बंगालचा उपसागर आणि अंदमानचा समुद्र ओलांडून ते सिंगापूरला उतरले, तेव्हा आमच्या मनगटावर पावणेपाच वाजले होते.

तेथील घड्याळात मात्र सव्वासात, आणि सूर्य नुकताच उगवलेला! विषुववृत्तालगतच्या या नगरीत दिवसरात्र बाराही महिने जवळजवळ समान असतात. मग सूर्योदयाला इतका उशीर का? सिंगापूर वसले आहे सुमारे १०४ पूर्व रेखांशावर, पण १९८२ च्या आरंभापासून तेथील प्रमाणवेळ १२० रेखांशाची आहे. त्यामुळे घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे धावते, आणि आपल्याहून अडीच तास.

चिरंजीवांच्या दारात पाऊल ठेवले तेव्हा आमच्या घड्याळात सव्वासहा झाले होते. म्हणजे एकूण सव्वाएकोणीस तास! त्या क्षणी दोन वर्षांपूर्वीचा आमचा हिशेब किती कोता होता, ते उमगले. आमचा दूरध्वनी पोहोचला तेव्हा तेथे साडेनऊ वाजले होते. रजा, तिकीट आणि मग हाच सारा प्रवास उलट दिशेने. विमान दारात उभे असते तरी ते त्या संध्याकाळी पोहोचते ना. दोरा खोटे सांगत नाही, वेळापत्रकही नाही. पण ती दोन्ही मापे एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतची. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचे अंतर कोठेही छापलेले नसते.

परतताना चिरंजीव सवयीने म्हणाले, "पावणेसहा तासांचाच तर प्रश्न आहे, बाबा." आम्ही म्हटले, "नाही रे, सव्वाएकोणीस. आम्ही मोजले आहेत. आजीच्या वेळी तू उशीर केला नव्हतास."

ते काही बोलले नाहीत. वाकून नमस्कार केला, आणि बराच वेळ आमचा हात हातात धरून उभे राहिले.