गुंजीच्या गाडीत जागं कोण?

बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याला जाताना लोंढ्याच्या अलीकडे गुंजी लागतं. आपल्यापैकी बरेच जण तिथून गेले असतील, पण थांबले नसतील. माउलीदेवीचं देऊळ, छोटंसं रेल्वे स्टेशन, भाताची शेतं आणि त्यांच्यामागे जंगल. रस्त्यावरच्या पाट्या कन्नड, घरातली भांडणं मराठी. पावसाळ्यात या बाजूला पाऊस असा लागतो की आठवडाभर कपडे वाळत नाहीत आणि दाराच्या कड्यांनाही गंज चढतो. या पावसाचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझे आई-बाबा निवृत्तीनंतर गुंजीच्या घरी राहायला गेले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा तिला आठवड्यातून एकदा बेळगावला व्यायामाच्या उपचारांसाठी नेतात. गाडी बारा वर्षांची, छोटी. एरवी ती अंगणातच उभी असते. जुलैपासून मात्र ती नेमकी जायच्या दिवशी सकाळी सुरूच होईना. एका सर्व्हिस सेंटरने नवीन बॅटरी बसवली. पुढच्याच आठवड्यात तीही उतरली. “गाडी कमी चालवता, म्हणून होतं,” असं उत्तर मिळालं.

मग नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले. गाडी विकून टाका, या वयात कशाला हवी? बाबा कोणाशी वाद घालत नसत, पण आईने फोनवर हळूच सांगितलं, “रात्री टॉर्च घेऊन दोनदा गाडीपाशी जातात. आपणच काहीतरी चालू ठेवतो असं वाटतंय त्यांना.” चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडत चालला होता. मला बॅटरीपेक्षा त्याची काळजी जास्त वाटली.

अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात मी रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली. बॅगेत कपडे कमी, मल्टिमीटर आणि पाने जास्त. सकाळी लोंढ्याला उतरून बसने गुंजी गाठली. अंगणात शेजारचे मामा आधीच येऊन बसले होते. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला. मला बघून म्हणाले, “बॅटरीचं काय नाही बघ. गाडीत कोणतरी जागं हाय.”

मामांनी रोगाचं निदान एका वाक्यात केलं होतं. फक्त जागं कोण, ते शोधायचं होतं.

गाडी बंद असली तरी थोडा करंट घेतच असते. घड्याळ, म्युझिक सिस्टिमची मेमरी, इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळे मिळून साधारण ०.०५ अँपिअरपर्यंत घेतात. आम्ही चार्जरने बॅटरी पूर्ण भरली. मग तिची निगेटिव्ह वायर सोडवली आणि वायर व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून. म्हणजे गाडीकडे जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाणार. अशा वेळी चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. दारं लावून आम्ही अर्धा तास चहा पीत बसलो, कारण गाडीतली यंत्रणा झोपायला वेळ घेते.

अर्ध्या तासाने मीटरवर आकडा होता ०.४३.

बाबांनी डायरी काढली. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. ३५ भागिले ०.४३ म्हणजे सुमारे ८१ तास, साडेतीन दिवसांहून कमी. करंट ०.०३ असता, तर तीच बॅटरी दीड महिन्याहून जास्त टिकली असती. आठवडाभर उभी राहिलेली गाडी सुरू होणं शक्यच नव्हतं. बाबांनी त्या भागाकाराखाली दोन रेघा मारल्या.

आता करंट जातो कुठे? एकेक फ्यूज उपसून मीटर बघायची जुनी रीत आहे. पण प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडी टोकं असतात. बॅटरी पुन्हा जोडून त्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजले, तर फ्यूज न काढताही कळतं. ज्यातून करंट जात नाही तिथे शून्य. आम्ही ओळीने मोजत गेलो: शून्य, शून्य, शून्य... आणि एका १० अँपिअरच्या फ्यूजवर ३ मिलिव्होल्ट.

त्या फ्यूजवर तीन गोष्टी होत्या: म्युझिक सिस्टिम, छतावरचा दिवा आणि डिकीतला दिवा. म्युझिक सिस्टिमचा प्लग काढला, फरक नाही. छतावरचा बल्ब काढला, फरक नाही. उरली डिकी. पण ती उघडली की दिवा लागणारच, मग बंद असताना काय होतं ते बघायचं कसं? आईने उपाय सुचवला. फोनवर व्हिडिओ सुरू करून फोन डिकीत ठेवायचा आणि झाकण लावायचं.

मिनिटभराने फोन काढला. व्हिडिओत झाकण लागल्याचा आवाज येतो आणि दिवा तसाच चालू राहतो. बल्ब ५ वॉटचा. ५ भागिले १२ म्हणजे सुमारे ०.४२. हिशेब जुळला. डिकीच्या कडेचं रबर फाटलं होतं. तिथून पावसाचं पाणी झिरपून कुलपातलं छोटं स्विच गंजलं आणि अडकलं होतं. वर ट्रे असल्याने रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्या बाबांना तो उजेड दिसणं शक्य नव्हतं.

बल्ब काढला. पुन्हा मीटर लावून थांबलो, तर ०.०२. मामा म्हणाले, “झोपली बघ आता.” दुसऱ्या दिवशी खानापूरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने स्विच आणि रबर दोन्ही बदललं.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील गावी आहेत आणि अंगणात कमी चालणारी गाडी आहे. ती वारंवार बंद पडत असेल, तर दुसरी बॅटरी घेण्याआधी आणि त्यांच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी एकदा करंट मोजून घ्या. साधा मीटर, एक दुपार आणि त्यांना सोबत घेणं, एवढंच लागतं. मोजताना हातातली अंगठी-कडं मात्र काढून ठेवा.

मीटर मी गुंजीलाच ठेवून आलो. बाबा रोज सकाळी बॅटरीचा व्होल्टेज डायरीत दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात. परवा त्यांचा मेसेज आला: “सहा दिवस उभी होती. १२.६. आईला घेऊन निघतोय.”